खडू लागलेलं कापड

एकदा कापडावर एकाच्या मापाचा खडू ओढला, की ते कापड दुसऱ्याला दाखवायचं नाही. बाईंच्या शिवणाच्या दुकानात हा नियम सदतीस वर्षं चालत आला होता आणि तो मोडणाऱ्याची खैर नव्हती. मागे एकदा मोटारीतून उतरलेल्या एका बाईसाहेबांना नेमकं तेच निळं कापड आवडलं, ज्यावर एका कारकुनाच्या कोटाचा खडू पडला होता. बाईसाहेब हट्टाला पेटल्या. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता ते कापड राहिलं नाही, त्या माणसाचा कोट झालाय. परक्या माणसाचा कोट घालून फिरणार का?" बाईसाहेब पुन्हा त्या गल्लीत फिरकल्या नाहीत. कारकून मात्र मरेपर्यंत कपडे तिथेच शिवत राहिला.

बाईंची शाळा दुसरीत सुटली होती. म्हणजे लोक म्हणत सुटली, बाई म्हणत, "मी सोडली." टेपवरचा आकडा त्यांना नुसत्या बोटांनी कळे. अक्षरं मात्र एकेक करून, दारातल्या अनोळखी पाहुण्यासारखी, विचारपूस करूनच आत घ्यावी लागत. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

दुसरा नियम मोबाइलचा. सुई आणि मोबाइल एका हातात धरायचे नाहीत. सकाळी आल्या आल्या सगळ्यांचे मोबाइल काउंटरच्या खणात पडत ते पाचला बाहेर निघत. त्यातून मशीनवर बसणारी सून सुटली नव्हती, कापड बेतणारे म्हातारे मास्तर सुटले नव्हते, आणि नातही नाही.

नातीला सगळे टाचणी म्हणत. अंगाने तेवढीच आणि बोलली की टोचणारी. आजीचंच पाणी, दुसरं काय! शाळा संपवून तिने दोन ठिकाणी अर्ज केले होते. एक जवळचं कॉलेज, बसने वीस मिनिटांवर. तिथे कापडाचं शास्त्र शिकवत. दुसरं विद्यापीठ लांब, आगगाडीने दीड दिवस. तिथे कृत्रिम हातपाय बनवायला शिकवत आणि वर्षाला मोजून बारा मुलं घेत. टाचणीचा जीव त्या बारांत अडकला होता.

जवळच्या कॉलेजचं पत्र सोमवारी आलं. प्रवेश दिला आहे, पंधरा दिवसांत होकार कळवा. बाईंनी ते काउंटरच्या काचेखाली सरकवलं, अगदी मधोमध. कुणी नुसतं बटण विकत घ्यायला आलं तरी ते वाचल्याशिवाय त्याला बटण मिळत नव्हतं.

मंगळवारी दुपारी दीड वाजता खणात मोबाइल वाजू लागला. टाचणी मागच्या खोलीत वाफेच्या इस्त्रीशी होती. तिथल्या फुसफुशीत कानाशी नगारा वाजवला तरी ऐकू आला नसता. सून आणि मास्तर जेवून अजून परतले नव्हते. फोन थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बाईंनी खण ओढला.

"कोण एवढं उतावीळ झालंय?"

पलीकडचा माणूस विद्यापीठाच्या कार्यालयातला होता. उद्या अकरा वाजता फोनवर मुलाखत आहे, विद्यार्थिनी हजर असेल ना, एवढंच त्याला विचारायचं होतं.

बाई ताठ झाल्या. गिऱ्हाइकाशी बोलायचा आवाज काढून म्हणाल्या, "अहो, कशाला ताटकळताय? पोरीला इथल्या कॉलेजने कालच घेतलंय. खडू लागलाय तिला. तुमची जागा अडवून ठेवू नका, दुसऱ्या कुणाच्या लेकराला द्या."

"म्हणजे नाव काढून टाकू?"

"काढा. दोन डगरींवर हात ठेवायची आमच्यात रीत नाही."

फोन खणात टाकला, खण ढकलला. सरळ धाग्यावर कापड फाडल्यावर वाटतं तसं त्यांना मोकळं वाटलं. त्या समाधानाला आतून आणखी कसलं तरी अस्तर होतं. ते त्यांनी उलटून पाहिलं नाही.

दोन वाजता चहा आला. मास्तरांना चहाबरोबर चघळायला विषय लागे.

"एक शंका आहे," ते म्हणाले. "एका कॉलेजचा होकार आला की दुसऱ्याकडे आपला भाव वाढतो का उतरतो? मी म्हणतो, वाढतो. ज्या दुकानात गर्दी, तिथेच लोक घुसतात."

"छे हो, मास्तर," सून म्हणाली. "त्यांना कळलं तर नाक नाही मुरडणार? पोरगी दुसरीकडे ठरलीय म्हटल्यावर कोण कशाला मागे लागेल?"

"आई, मी लग्नाला उभी नाहीये," टाचणी म्हणाली आणि चहात फुंकर मारता मारता हसली. "अहो, त्या दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही. हे त्यांना विचारत नाहीत, ते ह्यांना सांगत नाहीत. तिथे बघणार माझे मार्क, माझं पत्र आणि उद्याची मुलाखत. इथल्या होकाराने तिथलं काही वाढत नाही आणि घटतही नाही. दहा ठिकाणी हो आलं तरी चालतं. शेवटी एकाला हो म्हणायचं आणि बाकीच्यांना नाही कळवायचं."

"ही लबाडी नाही?" बाईंनी विचारलं. आवाज त्यांच्या अंदाजापेक्षा बारीक निघाला.

"लबाडी कसली गं, आजी? त्यांनीच तशी सोय ठेवलीय. नाहीतर पंधरा दिवस कशाला देतील? ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक आरशासमोर दोनदा वळून बघत नाही का?"

"आणि कुणी आधीच कळवून टाकलं, की पोरगी दुसरीकडे जातेय म्हणून?"

"मग संपलंच. नाव कटतं. मागे ही एवढी रांग उभी असते." टाचणीने हात लांब केला. "पण कळवणार कोण? मला काय वेड लागलंय?"

मास्तर हसले. सून हसली. बाईंनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला आणि सगळ्यांवर खेकसल्या, "चहा झाला असेल तर हात चालवा. चाळीस गणवेश काय आपोआप शिवून निघणारेत?"

मशीन सुरू झाल्या. आरशाच्या वर भिंतीवरचं घड्याळ होतं. इतकी वर्षं बाईंनी त्याच्याकडे गिऱ्हाइकाला उशीर झाला की दाखवायलाच पाहिलं होतं. आज ते त्यांच्याकडे पाहत होतं.

अडीच वाजता कुबडीचा ठोका पायरीवर पडला. पोस्टमन आले. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण गल्लीत त्यांना अजून पोस्टमनच म्हणत. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्यांच्या विजारीचा डावा पाय बाई वर दुमडत आणि टाचण्या लावायचं काम सात वर्षांची असल्यापासून नातीकडे असे. तेव्हाच एकदा तिने विचारलं होतं, "आजी, विजार दुमडण्यापेक्षा काकांना पायच का नाही शिवून देत?" सगळे हसले होते. पोरगी हसली नव्हती.

"काका, मी येऊ टाचण्या लावायला?" मागच्या खोलीतून टाचणी ओरडली.

"नको, तू तिथेच थांब," बाई म्हणाल्या. त्यांनी पोस्टमनना ट्रायलच्या कोपऱ्यात नेलं, पडदा ओढला आणि मापाच्या वहीतून विद्यापीठाचं मुलाखतीचं पत्र काढलं. नातीने दोऱ्यांच्या डब्यात जपून ठेवलेलं, तिच्या नकळत घेतलेलं.

"ह्यात फोनचा आकडा कुठेय, तेवढा वाचा."

"काय झालं, बाई?"

बाईंनी तीन वाक्यांत सांगितलं.

पोस्टमन कुबडीवर रेलले. "आमच्या नोकरीत एका गुन्ह्याला माफी नव्हती. दुसऱ्याचं पत्र उघडायला."

"मी काही उघडलं नाही."

"उत्तर दिलंत. हे त्याच्यावरताण झालं."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर त्याची विजार आयुष्यभर आखूड झाली असती. बाईंनी पत्र त्यांच्या हातात दिलं. पोस्टमन एकेक आकडा वाचत गेले, बाई आपल्या बटणांच्या फोनवर दाबत गेल्या. तोच आवाज आला.

"दीड वाजता मी बोलले ते उसवा," बाई म्हणाल्या.

"काय करू?"

"माझ्या नातीचं नाव परत लिहा."

"तसं नाही करता येणार. ते विद्यार्थिनीने स्वतः सांगावं लागेल."

"खोडताना माझं तोंड चाललं, लिहिताना चालत नाही होय? कात्री बरी आहे तुमची, एकाच बाजूने कापणारी!"

पलीकडे कागद सळसळले. मग तो माणूस आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू का, खोडतानाही मी तिलाच विचारायला हवं होतं. माझंही चुकलंच. पण यादी चार वाजता प्राध्यापकांकडे जाते. त्याच्या आत तिने स्वतः फोन करून अर्जाचा क्रमांक सांगितला, तर मी शेरा काढतो. चारनंतर माझ्या हातात काही नाही. मागे सत्तर जण थांबलेत."

तीनला दहा कमी होते.

"बोलवा तिला," पोस्टमन म्हणाले.

"बोलवते. माझं मी बघते. तुम्ही तुमच्या विजारीचं बघा."

पोस्टमन बाहेर येऊन बाकावर बसले. पत्र त्यांच्याच हातात राहिलं. "मी आहे इथे चारपर्यंत," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "आज चाललोय फार."

सदतीस वर्षांत बाईंनी गिऱ्हाइकासमोर एक टाका उसवला नव्हता. चुकलं नव्हतं असं नाही. पण चुकलेलं गिऱ्हाईक गेल्यावर, माणसं गेल्यावर, एकटीने उसवायचं आणि दुसऱ्या दिवशी असं द्यायचं की देवालाही शिवण सापडू नये. हे तसं उसवता येण्याजोगं नव्हतं. हे त्या पोरीच्या तोंडूनच उसवायचं होतं.

त्या मागच्या खोलीच्या दाराशी गेल्या. टाचणीने मान वर केली. वाफेने तिचे केस कपाळाला चिकटले होते.

"काय गं, आजी?"

"कॉलर नीट दाब," बाई म्हणाल्या आणि परत फिरल्या.

तीन वाजून पाच मिनिटं झाली. पुन्हा गेल्या. "एवढी वाफ कशाला? कापड काय उकडायचंय?"

तीन वाजून वीस. कुणा पोराची आई त्याचा गणवेश घेऊन भांडायला आली, बाही लांब झाली म्हणून. बाईंनी एरवी तिला उभी सोलली असती. "हात वाढतो पोरांचा, बाही नाही वाढत," एवढंच बोलून त्यांनी गणवेश ठेवून घेतला. मास्तरांनी कात्री थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. सुनेनेही पाहिलं.

साडेतीन. बाई काउंटरशी उभ्या राहिल्या. काचेखालचं पत्र त्यांच्या हाताखाली होतं. आणि तेव्हा, न बोलावता, ते अस्तर आपोआप उलटं झालं.

नाही सांगितलं तर काय होईल? उद्या अकरा वाजता पोरगी फोन हातात धरून बसेल. फोन वाजायचा नाही. बारा वाजतील. तिला वाटेल, त्यांनाच मी नको होते. चार दिवस रडेल, पाचव्या दिवशी डोळे पुसेल आणि वीस मिनिटांच्या बसने कापडाचं शास्त्र शिकायला जाईल. संध्याकाळी ह्याच बाकावर येऊन बसेल. पुढे हे दुकान तिचं. पोस्टमन तोंड उघडणार नाहीत. आयुष्यभर लोकांची बंद पत्रंच त्यांनी वाहिली. शेरा दीड दिवसाच्या वाटेवर कुठल्यातरी कागदात पडून राहील. कुणाला म्हणजे कुणाला कळणार नाही.

आणि हे सगळं आपल्याला दीड वाजताही ठाऊक होतं, असं बाईंच्या लक्षात आलं. शब्दांत नव्हतं, पण होतं.

त्यांनी टेप गळ्यातून काढून काउंटरवर आपटला.

"मशीन बंद करा! टाचणे, बाहेर ये."

सून दचकली. पायडलवरचा पाय तसाच राहिला. टाचणी हात पुसत आली.

"दुपारी तुझा फोन वाजला. विद्यापीठाचा होता. मी उचलला. मी सांगितलं, पोरगी इथे ठरलीय, नाव काढा. त्यांनी काढलं." बाईंनी एक श्वास घेतला. "चुकले मी."

हे शेवटचे दोन शब्द त्या भिंतींनी कधी ऐकले नव्हते. मास्तरांनी कात्री खाली ठेवली, अगदी हळू.

टाचणीचे हात पुसायचे थांबले. ती टोचली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. तिचा चेहरा नुसता पांढरा पडत गेला, अस्तराच्या कापडासारखा.

"कधी?"

"दीडला."

तिने घड्याळाकडे पाहिलं. चारला वीस कमी. "दोन तास, आजी?"

"चारच्या आत तू स्वतः बोललीस तर परत घेतात. मी विचारलंय. फोन कर."

"आई, तुम्ही असं कसं..." सुनेचा आवाज फाटला. वीस वर्षांत ती सासूवर पहिल्यांदाच ओरडत होती.

"नंतर! तुझी पाळी नंतर," बाई म्हणाल्या आणि खण ओढून मोबाइल नातीच्या हातात कोंबला.

टाचणीने नंबर लावला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. मास्तर उगाच उभे राहिले आणि उगाच बसले. चारला चौदा कमी. व्यस्त. पोस्टमन कुबडी टेकत काउंटरशी आले आणि पत्र तिच्यासमोर धरून उभे राहिले, अर्जाच्या क्रमांकावर अंगठा ठेवून. चारला दहा. रिंग वाजली, वाजली, आणि कुणी न उचलता कटली.

"बंद करून गेला की काय मेला," बाई पुटपुटल्या.

"आजी, तू बोलू नकोस. आता तू अजिबात बोलू नकोस."

बाईंनी काउंटरवरचा टेप उचलून बोटांना गुंडाळायला घेतला.

चारला सात कमी असताना पलीकडून आवाज आला.

"हो, मीच. हो, मी स्वतः बोलतेय." टाचणी म्हणाली. पोस्टमननी क्रमांक एकेक आकडा करून सांगितला, तिने तो पुढे सांगितला. "नाही, ते घरच्यांच्या गैरसमजातून झालं. हो, इथे मिळालाय प्रवेश, ते खरं आहे. पण मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. त्याने काही... बिघडत नाही ना?" तिने डोळे मिटले. "नाही. मला तुमच्याकडेच यायचंय."

पलीकडे संगणकाच्या कळांची टकटक ऐकू येत होती. शिवण्याच्या मशीनसारखीच, पण बाईंच्या ताब्यात नसलेली.

"बरं," टाचणी म्हणाली. "पावणेएक. थँक्यू." फोन ठेवला आणि ती स्टुलावर बसली. "अकराची वेळ दुसऱ्या कुणाला दिली. मला सगळ्यांत शेवटी घातलंय. म्हणाले, दुसरीकडे होकार आहे की नाही ते आम्ही बघतच नाही, यायचंय की नाही एवढंच बघतो."

मास्तरांनी मोठा उसासा सोडला. "म्हणजे भाव वाढत नाही, आणि उतरतही नाही," ते म्हणाले. कुणी हसलं नाही, तशी ते कात्री शोधू लागले.

टाचणीने आजीकडे पाहिलं. "खरं सांग. खडूच्या नियमाने बोललीस, का मी इथेच राहावं म्हणून?"

दुकानात सगळे होते. गिऱ्हाईकही होतं, बाकावर.

"दोरा दुहेरी होता," बाई म्हणाल्या.

टाचणीने मान हलवली. ती उठली, मागच्या खोलीत गेली, आणि इस्त्री पुन्हा फुसफुसू लागली. त्या संध्याकाळी ती आजीशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही.

बुधवारी साडेबाराला बाईंनी स्वतःच्या हाताने सगळ्या मशीन बंद केल्या. पोरगी ट्रायलच्या पडद्याआड बसली. बाई बाहेर स्टुलावर, दोन्ही हात मांडीवर, जाणाऱ्यायेणाऱ्याला नुसत्या बोटाने हाकलत. पावणेएक झाले. फोन वाजला नाही. बारा पन्नास. सून ओठ चावत होती. बाईंना वाटलं, शेवटी टाकलेलं काम राहूनच जातं. आपणही असंच करतो. बारा चौपन्नला वाजला.

मार्कांचं झालं, शाळेचं झालं. मग पलीकडच्या प्राध्यापकबाईंचा आवाज जरा चढला आणि पडद्यातून स्पष्ट आला. "तुम्हाला घराजवळ प्रवेश मिळालाय म्हणता. मग इतक्या लांब कशाला?"

पडद्याआडून टाचणीचा आवाज आला.

"आमच्या दुकानात एक काका येतात. त्यांच्या विजारीचा डावा पाय दुमडून मी टाचण्या लावते. दहा वर्षं लावतेय. दर वेळी वाटतं, आपण कापड फार छान दुमडलं, आणि माणूस होता तसाच परत पाठवला."

"माप घेता येतं तुम्हाला?"

"आजीकडे शिकले. ती टेप नंतर लावते. आधी माणूस उभा कसा राहतो ते बघते."

बाईंनी चष्मा काढला आणि दुकानात किती धूळ झालीय यावरून सुनेला हातवाऱ्यांनी झाडलं.

उत्तर अकराव्या दिवशी आलं. टाचणीने ते वाचलं, पुन्हा वाचलं, मग आजीसमोर ठेवलं आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं. बाईंनी एकेक अक्षर आत घेतलं. वेळ लागला. कुणी मदत केली नाही.

"बारांत," बाई म्हणाल्या.

"बारांत," टाचणी म्हणाली.

बाईंनी काउंटरची काच उचलली, जवळच्या कॉलेजचं पत्र काढलं, घडी घातली आणि बाहेरची चप्पल पायात सरकवली.

"चल. नाही म्हणायचं ते तोंडावर जाऊन म्हणावं. त्यांचीही रांग खोळंबली असेल."

"आजी, एक फोन केला तरी पुरतो."

"फोनवर मी काय बोलते ते बघितलंस ना?" बाई म्हणाल्या आणि पायरी उतरल्या.